जुन्या पिकअपला दुसरे इंजिन : पैसे वाचतात, धूर कुठे जातो?

दहा-बारा वर्षे माल वाहून थकलेली पिकअप चढाला दम टाकू लागली, ऑइल खाऊ लागली, की मालकापुढे तीन वाटा असतात. आहे तेच इंजिन खोलून बोअर-पिस्टनचे काम करायचे, कर्ज काढून नवी गाडी घ्यायची, किंवा दुसऱ्या गाडीचे इंजिन मिळवून आपल्या चेसीवर बसवायचे. पहिल्या वाटेचा भरवसा नसतो, दुसरीचा हप्ता झेपत नाही. म्हणून तिसरी वाट अनेकांना परवडणारी वाटते. हा निर्णय घेताना लोड, ॲव्हरेज आणि खर्च या तीन गोष्टी बारकाईने तोलल्या जातात. चौथी गोष्ट, म्हणजे त्या इंजिनाचा धूर, कोणाच्याच बिलात नसते. ती वसूल होते रस्त्यावरच्या माणसाच्या आणि गॅरेजमधल्या मिस्त्रीच्या फुप्फुसातून.

कोल्हापूरच्या शाहूपुरीत हा विषय नवा नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये गुळाची बाजारपेठ म्हणून वसवलेला हा भाग आज रेल्वे स्टेशन आणि मध्यवर्ती बसस्थानकाच्या सान्निध्यात यंत्रसामग्री, हार्डवेअर, सुटे भाग आणि मालवाहतुकीच्या व्यवसायाने गजबजलेला असतो. जवळच्या उद्यमनगरात लेथ, बोअरिंग आणि वेल्डिंगची कामे चालतात. शेतीपंपांसाठी ऑइल इंजिने घडवणाऱ्या या शहराला इंजिन खोलणे आणि पुन्हा उभे करणे कोणी शिकवायला नको. त्यात ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांनी भर घातली. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. पाणी शिरलेले इंजिन घाईने सुरू केले तर पिस्टन अडतो, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि ब्लॉकच निकामी होऊ शकतो. अशा गाड्यांना मग दुसरे इंजिन शोधावे लागते.

तेव्हा प्रश्न इंजिन बदलावे की नाही, असा नाही. जुनी वस्तू दुरुस्त करून वापरणे ही काटकसर आहे, आणि त्यात नव्या गाडीसाठी लागणारे लोखंड आणि ऊर्जाही वाचते. प्रश्न असा आहे, की बॉनेटखाली आलेले इंजिन आधीच्यापेक्षा स्वच्छ आहे की अधिक धुराचे, आणि आपली तपासणी यंत्रणा हा फरक ओळखू शकते का?

उलटी बदली

वाहनांच्या धुराचे नियम भारतात टप्प्याटप्प्याने कडक झाले. भारत स्टेज-३ ही मानके २०१० पासून देशभर आली. एप्रिल २०१७ पासून भारत स्टेज-४ आणि १ एप्रिल २०२० पासून थेट भारत स्टेज-६ लागू झाले. १७६० किलोपेक्षा अधिक संदर्भ वजनाच्या डिझेल पिकअपसाठी सूक्ष्म कणांची मर्यादा बीएस-३ मध्ये किलोमीटरला १०० मिलिग्रॅम होती. बीएस-४ मध्ये ती ६० आणि बीएस-६ मध्ये अवघी ४.५ मिलिग्रॅम झाली.

हे आकडे रोजच्या व्यवहारात मांडून पाहू. एक पिकअप दिवसाला ५० किलोमीटर आणि वर्षाला ३०० दिवस धावते, असे धरले तर बीएस-३ च्या मर्यादेनुसार ती वर्षाकाठी दीड किलो काजळी सोडेल. बीएस-६ च्या मर्यादेत हाच आकडा ७० ग्रॅमच्याही आत राहतो. या मर्यादा नव्या कोऱ्या इंजिनासाठी, प्रयोगशाळेतल्या चाचणीत मोजलेल्या. रिंगा झिजलेले, नोझल थेंब गाळणारे इंजिन त्याहून कितीतरी अधिक धूर सोडते.

म्हणजे जुन्या गाडीत नव्या पिढीचे इंजिन गेले, तर हवेचा फायदा व्हायला हवा. प्रत्यक्षात गॅरेजमधला ओढा बऱ्याचदा उलट दिशेने असतो, आणि त्यामागे आळस नव्हे, तांत्रिक अडचण आहे. यांत्रिक पंपाच्या जुन्या डिझेल इंजिनाला डिझेलची नळी, स्टार्टर आणि थोडे वायरिंग मिळाले की ते चालू होते. पुढच्या पिढीच्या कॉमन रेल इंजिनात डिझेल हजार-दीड हजार बारपेक्षा अधिक दाबाने, संगणकाच्या हुकमावरून फवारले जाते. त्याला स्वतःचा संगणक, सेन्सर, वायरिंगचा संपूर्ण जुडगा आणि अनेकदा स्वतःचे ॲक्सिलरेटर पेडलही लागते. बीएस-६ मध्ये तर इंजिनाचा निम्मा भाग सायलेन्सरच्या मार्गावरच असतो. काजळी पकडणारा फिल्टर, उत्प्रेरक आणि काही वाहनांत युरियाचे द्रावण फवारणारी यंत्रणा तिथे बसवलेली असते.

त्यामुळे कॉमन रेल गाडीचे इंजेक्टर किंवा संगणक बिघडला आणि दुरुस्तीचा आकडा ऐकून मालक हबकला, की ‘साधे पंपाचे इंजिन बसवून टाकू, कटकट नको’ हा सल्ला सोयीचा वाटतो. गाडी पुन्हा धावू लागते, रस्त्यात बंद पडली तर कोणताही मिस्त्री ती दुरुस्त करू शकतो. पण कागदावर बीएस-४ असलेली गाडी धुराच्या बाबतीत एक-दोन टप्पे मागे जाते. याच्या उलट, नवे इंजिन आणले आणि फिल्टर, सेन्सर भंगारातच राहिले, तरी फायदा हातचा जातो. इंजिन एकटे स्वच्छ नसते. त्याच्यासोबतची सगळी मांडणी मिळून ते स्वच्छ होते.

काळा धूर आणि न दिसणारा धूर

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते, की ती तापून डिझेल आपोआप पेट घेते. जिथे डिझेल जास्त आणि हवा कमी पडते, तिथे काजळी तयार होते. जिथे तापमान फार वाढते आणि ऑक्सिजन भरपूर असतो, तिथे हवेतल्याच नायट्रोजनपासून नायट्रोजनची ऑक्साइडे बनतात. एक कमी करायला गेले की दुसरे वाढते, हा डिझेल इंजिनाचा जुना पेच आहे. नव्या इंजिनांनी तो सोडवला तो उच्च दाबाची फवारणी, धुराचा काही भाग पुन्हा आत घेणे आणि सायलेन्सरमधील शुद्धीकरण यांच्या जोरावर.

डोळ्यांना दिसतो तो काळा धूर. पण फुप्फुसाला त्याहून अधिक धोका दिसत नसलेल्या कणांचा असतो. डिझेलच्या काजळीतले बहुसंख्य कण एक मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाडीचा असतो. नाकातले केस आणि घशातला कफ मोठी धूळ अडवतात, हे कण मात्र थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. अतिसूक्ष्म कणांपैकी काही रक्तातही उतरू शकतात. म्हणूनच धुराचा त्रास खोकला आणि दम्यापुरता राहत नाही. हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोकाही त्याने वाढतो. नायट्रोजन डायऑक्साइड श्वासनलिकांना सूज आणतो आणि उन्हात त्यापासून जमिनीलगतचा ओझोन तयार होतो.

जून २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलच्या धुराला ‘माणसात कर्करोग घडवणारा’ या पहिल्या गटात टाकले. तंबाखू आणि ॲस्बेस्टॉस याच गटात आहेत. याचा अर्थ दोन्हींचा धोका सारखाच आहे असे नव्हे. पुरावा तितका पक्का आहे, एवढाच. या निर्णयामागे अमेरिकेतील आठ खाणींमधील १२,३१५ कामगारांच्या अभ्यासाचा मोठा वाटा होता. जमिनीखाली डिझेल यंत्रांच्या धुरात सर्वाधिक काळ काम केलेल्यांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने मृत्यूचा धोका सुमारे तिप्पट आढळला.

कोल्हापूरची हवा खाणीसारखी नाही, हे खरेच. तरीही २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात महाराष्ट्रातील ज्या शहरांची हवा ठरलेल्या मानकांत बसत नाही, त्या यादीत कोल्हापूरचे नाव आहे. २.५ मायक्रॉनपेक्षा लहान कणांसाठी भारताचे वार्षिक मानक घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेचे २०२१ चे मार्गदर्शक प्रमाण फक्त ५. या प्रदूषणाला रस्त्यावरची धूळ, बांधकामे, भट्ट्या, कचऱ्याची जाळपोळ अशी अनेक कारणे आहेत. वाहनांचा धूर वेगळा ठरतो तो अंतरामुळे. दाभोळकर कॉर्नरला सिग्नलवर उभ्या दुचाकीस्वाराचे तोंड आणि पुढच्या गाडीचा सायलेन्सर यांच्यात दोन-चार फुटांचेच अंतर असते. हात धरून चालणाऱ्या मुलाच्या बाबतीत तर सायलेन्सर जवळपास नाकाच्याच उंचीवर येतो.

पीयूसी काय पाहते, काय पाहत नाही

‘पीयूसी आहे ना, मग झाले,’ हे उत्तर सर्रास ऐकू येते. डिझेल गाडीच्या पीयूसीत उभ्या गाडीचा ॲक्सिलरेटर जोरात दाबला जातो आणि बाहेर येणारा धूर प्रकाश किती अडवतो, हे मोजले जाते. बीएस-४ पूर्वीच्या गाड्यांना या मोजमापात २.४५ पर्यंत, बीएस-४ गाड्यांना १.६२ पर्यंत, तर बीएस-६ गाड्यांना ०.७ पर्यंत सूट आहे.

या चाचणीच्या तीन मर्यादा आहेत. ती रिकाम्या, उभ्या गाडीवर होते; माल भरून आंबा घाट किंवा गगनबावड्याचा घाट चढताना तेच इंजिन काय सोडते, हे तिला कळत नाही. ती काजळी पाहते, नायट्रोजनची ऑक्साइडे मोजत नाही. आणि ती नोंदणीच्या कागदावरून मर्यादा ठरवते, बॉनेटखालच्या इंजिनावरून नव्हे. यांत्रिक पंपाचे डिझेल थोडे कमी करून गाडी पास करून घ्यायची आणि नंतर लोड उचलण्यासाठी पुन्हा पंप वाढवायचा, ही पळवाटही गॅरेजच्या जगात अपरिचित नाही. त्यामुळे उलटी बदली झालेली गाडीही पीयूसीचा कागद मिळवू शकते. तो कागद खोटा असेलच असे नाही. त्याने विचारलेला प्रश्नच अपुरा असतो.

मालवाहू गाडीची खरी तपासणी व्हायला हवी ती पासिंगच्या वेळी. नियमानुसार पहिल्या आठ वर्षांत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. तिथे इंजिन क्रमांक पडताळला जाणे अपेक्षित असते. परंतु क्रमांक जुळला, तरी इंजिनासोबतची धूरनियंत्रक यंत्रणा शाबूत आहे का, हा प्रश्न उरतोच.

ब्रेक जुने, ताकद नवी

आरोग्याचा विचार धुरापाशी संपत नाही. गाडीचे ब्रेक, स्टिअरिंग, पाटे, प्रॉपेलर शाफ्ट आणि रेडिएटर मूळ इंजिनाचे वजन आणि ताकद धरून ठरवलेले असतात. अधिक ताकदीचे इंजिन आले की वेग आणि लोड दोन्ही वाढवण्याचा मोह होतो. वेग दुप्पट झाला तर गाडी थांबवण्यासाठी ब्रेकला चौपट ऊर्जा जिरवावी लागते. ब्रेक मात्र तेच राहतात. जड इंजिनामुळे पुढच्या चाकांवरचा भार वाढतो. फाउंडेशनची रबरे नीट बसली नाहीत तर थरथर थेट केबिनमध्ये येते आणि दिवसभर गाडी चालवणाऱ्याची कंबर ती सोसते. घाईघाईने जोडलेल्या वायरी आणि तापलेल्या सायलेन्सरजवळून गेलेली डिझेलची नळी आगीला आमंत्रण देतात.

गिअरचे प्रमाण न जुळणे हा धुराचाही प्रश्न आहे. नव्या इंजिनाची ताकद ज्या फेऱ्यांवर मिळते, त्या फेऱ्यांवर जुना गिअरबॉक्स आणि मागचा क्राउन-पिनियन त्याला राहू देत नसतील, तर इंजिन कायम कुंथत चालते आणि काळा धूर ओकते. मग दोष इंजिनाला दिला जातो, चूक मात्र जोडणीची असते.

सर्वांत जवळची छाती मिस्त्रीची

या साऱ्या चर्चेत ज्याचा उल्लेख क्वचितच होतो, तो म्हणजे इंजिन उतरवणारा आणि बसवणारा माणूस. रस्त्यावरचा माणूस धुराजवळून जातो. मिस्त्री आणि त्याच्या हाताखालचा पोरगा धुरातच काम करतात. इंजिन बसवल्यावर टायमिंग जुळवताना ते बंदिस्त शेडमध्ये बराच वेळ चालू ठेवले जाते. काजळीसोबत कार्बन मोनॉक्साइडचाही धोका असतो, विशेषतः पेट्रोल आणि गॅसच्या इंजिनात. या वायूला वास नसतो. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे ही त्याची पहिली लक्षणे उन्हाचा किंवा उपाशीपोटीचा त्रास समजून सोडून दिली जातात.

इंजिन वेगळे करताना क्लच उघडतो. जुन्या क्लच प्लेट, ब्रेक लायनर आणि गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. भारतात त्याच्या वापरावर अजून संपूर्ण बंदी नाही. कॉम्प्रेसरच्या हवेने ही धूळ उडवणे म्हणजे तिचे तंतू सगळ्या शेडमध्ये पसरवणे. त्यातून होणारे आजार वीस-तीस वर्षांनी उघडे पडतात आणि तोवर कारण विसरले गेलेले असते. वेल्डिंगच्या धुरालाही आंतरराष्ट्रीय कर्करोग संस्थेने २०१७ मध्ये पहिल्या गटात नेले. नवे फाउंडेशन घडवताना हे वेल्डिंग अटळ असते. वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये कर्करोगकारक घटक साठतात, आणि हात धुवायला डिझेल किंवा रॉकेल वापरले की त्वचेचे संरक्षक तेल निघून जाऊन ते घटक आत शिरणे सोपे होते.

यावरचे बरेचसे उपाय स्वस्त आहेत. सायलेन्सरला लांब नळी जोडून धूर शेडबाहेर सोडावा. क्लच आणि ब्रेकची धूळ हवेने न उडवता ओल्या फडक्याने पुसावी. रबरी हातमोजे आणि साधा साबण वापरावा. कापडी रुमाल सूक्ष्म कण अडवत नाही. एन-९५ मास्क ते अडवतो, वायू मात्र त्यालाही अडवता येत नाहीत. जळके ऑइल हा कायद्याने घातक कचरा आहे. ते गटारात सोडले तर जयंती नाल्यातून पंचगंगेत पोहोचते, म्हणून ते अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच जायला हवे.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी पुस्तकातील माहिती उत्पादकाने ठरवलेल्या मूळ वैशिष्ट्यांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच प्रकारचे इंजिन बसवायचे तर परिवहन कार्यालयाची परवानगी आणि नव्या इंजिन क्रमांकाची नोंद आवश्यक असते. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार परवानगीशिवाय बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. नोंद नसलेल्या इंजिनामुळे अपघातानंतर विम्याचा दावा अडकू शकतो, आणि इंजिन चोरीच्या गाडीचे निघाले तर प्रकरण पोलिसांत जाते.

कायद्याने एक दार मात्र उघडे ठेवले आहे. मान्यताप्राप्त संचाच्या मदतीने सीएनजी, एलपीजी किंवा विजेवर गाडी नेण्यास कलम ५२ मध्येच वाव आहे. ऑगस्ट २०२२ च्या केंद्रीय अधिसूचनेने साडेतीन टनांखालील बीएस-६ वाहनांत डिझेल इंजिनाच्या जागी सीएनजी किंवा एलपीजी इंजिन बसवण्याचा मार्ग खुला केला. विजेच्या रूपांतरासाठी स्वतंत्र मानके आहेत, आणि अशा संचांची चाचणी घेणारी ‘एआरएआय’ ही संस्था पुण्यातच आहे. ठरावीक रस्त्यावर, कमी अंतरात फिरणाऱ्या ‘छोटा हत्ती’सारख्या गाडीसाठी हा पर्याय तपासून पाहण्याजोगा आहे. लांबच्या घाटफेऱ्यांसाठी त्याचे गणित जुळेलच असे नाही.

मधली वाट

सरकारने जुन्या वाहनांवरचा दट्ट्या वाढवला आहे. पंधरा वर्षांवरील वाहनांच्या पासिंगचे शुल्क एप्रिल २०२२ पासून अनेक पटींनी वाढले आणि वाहन मोडीत काढण्याचे धोरण आले. हेतू योग्य आहे. पण भाजी, गूळ, फरशी वाहून घर चालवणाऱ्या एका गाडीच्या मालकाला केवळ शुल्काचा धाक दाखवला, तर तो नवी गाडी घेत नाही. तो आणखी स्वस्त दुरुस्ती शोधतो. धूर तिथेच राहतो, फक्त नोंदीतून गायब होतो.

दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या आदेशानंतर बस आणि रिक्षा सीएनजीवर गेल्या. ते घडले कारण आदेशासोबत इंधनाचे पंप, मान्य संच आणि तपासणी उभी करावी लागली, आणि त्यात वर्षे गेली. कोल्हापूरसारख्या शहरासाठी धडा छोटा पण उपयोगाचा आहे. रस्त्यावर भरपूर असलेल्या मोजक्या पिकअपसाठी कोणते इंजिन, कोणत्या फिल्टर आणि वायरिंगसह बसवता येईल, अशा तपासलेल्या जोड्यांची यादी असावी. ते काम करणाऱ्या गॅरेजना प्रशिक्षण आणि मान्यता मिळावी. पासिंगच्या वेळी क्रमांकाबरोबर धूरनियंत्रक भागही पाहिले जावेत. ज्या शहरातले मिस्त्री कोणतेही इंजिन उभे करू शकतात, त्यांना स्वच्छ इंजिन उभे करणे अवघड नाही. आज तसे करण्याची वाट त्यांच्यासाठी कायदेशीरही नाही आणि फायद्याचीही नाही.

तोवर इंजिन बदलू पाहणाऱ्या मालकाने चार प्रश्न विचारायला हवेत. येणारे इंजिन आपल्या गाडीच्या मानकाचे किंवा त्यापुढचे आहे का? त्याचा फिल्टर, सेन्सर आणि संगणक सोबत येतो का? ब्रेक आणि गिअर त्याला पुरे पडतात का? आणि कामाला हात लावण्यापूर्वी परिवहन कार्यालयाची परवानगी घेतली आहे का? यातल्या एकाचेही उत्तर ‘नाही’ असेल, तर वाचलेले पैसे दवाखान्याच्या बिलात निघतात. ते बिल मात्र बहुतेक वेळा गाडीमालकाच्या नावाने फाटत नाही.